सुरतेचे थडगे आणि रानफुलांची चित्रे

सुरत हे नाव मराठी माणसाने उच्चारले, की त्याला प्रथम आठवते ती शिवछत्रपतींची स्वारी. १६६४ साली आणि पुन्हा १६७० साली महाराजांनी हे श्रीमंत बंदर लुटले आणि मोगल सत्तेस हादरा दिला. त्यानंतर आठवतात तेथील जर, रेशीम, हिऱ्यांना पैलू पाडणारे कारागीर आणि ‘सुरतेचे जेवण व काशीचे मरण’ ही गुजराती म्हण. अलीकडे खानदेशातील असंख्य मराठी कुटुंबे पोटापाण्यासाठी तेथे जाऊन स्थायिक झाली आहेत. त्यामुळे सुरत आपल्याला परकी राहिलेली नाही. परंतु ज्याच्या नावाशी आपल्या किनाऱ्यावरील रानफुलांची शेकडो चित्रे कायमची जोडलेली आहेत, अशा एका माणसाचे थडगे याच शहरात आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असेल.

सुरतेच्या कतारगाम भागात डच व्यापाऱ्यांचे जुने कबरस्थान आहे. तेथील सर्वांत भव्य इमारत म्हणजे हेंड्रिक व्हान रेडे या डच अधिकाऱ्याचे थडगे. खांबांच्या ओळी, त्यांवर सज्जा आणि सर्वांच्या वर घुमट अशी तिची रचना आहे. दुरून पाहणाऱ्याला ती एखाद्या मुसलमान अमिराची कबर वाटावी. जवळच इंग्रजांचे कबरस्थान असून तेथे ऑक्झेंडन बंधूंचे थडगेही असेच उंच व डौलदार आहे. मेलेल्यांच्या कबरींतही एकमेकांवर मात करण्याची या दोन कंपन्यांची चढाओढ होती, असे म्हणतात. आज दोन्ही कंपन्या नाहीत. त्यांच्या वखारी गेल्या, गलबते गेली, हिशेबाच्या वह्या दप्तरखान्यात पडल्या. व्हान रेडेचे नाव मात्र जगातील वनस्पतिशास्त्रज्ञ अजून आदराने घेतात, आणि ते त्याने केलेल्या व्यापारामुळे नव्हे, तर त्याने काढवून घेतलेल्या फुलापानांच्या चित्रांमुळे.

कोचीच्या किल्ल्यातील उद्योग

व्हान रेडे याचा जन्म १६३६ सालचा. डच ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत तो पूर्वेकडे आला. १६६३ साली डचांनी पोर्तुगीजांकडून कोची जिंकून घेतली आणि पुढे १६७० च्या सुमारास मलबार किनाऱ्याचा कारभार व्हान रेडेकडे आला. मिरी, वेलची, दालचिनी यांचा व्यापार सांभाळणे हे त्याचे काम. पण घोड्यावरून वा होडीतून मुलूख फिरताना त्याचे लक्ष वेधून घेतले ते तेथील दाट झाडीने. एकेका झाडावर दहा-दहा प्रकारच्या वेली चढलेल्या आणि प्रत्येकीचे पान, फूल व फळ निराळे. तेथील वैद्य याच झाडपाल्याने रोग बरे करीत आणि कंपनी मात्र आपल्या दवाखान्यांसाठी युरोपातून महागडी व बऱ्याचदा वाटेतच खराब झालेली औषधे मागवीत असे. या वनस्पतींची नीट ओळख करून घ्यावी, असे त्याच्या मनाने घेतले.

ओळख करून घ्यायची, तर चित्र हवे. नुसत्या वर्णनाने झाड ओळखता येत नाही. ‘पान लांबट, फूल तांबडे’ असे म्हटले तर अशी शंभर झाडे निघतील. आणि कॅमेऱ्याचा शोध लागण्यास अजून दीडशे वर्षांचा अवकाश होता.

या कामी व्हान रेडेस पहिला मोठा आधार मिळाला तो एका कॅथलिक धर्मगुरूचा. फादर मॅथ्यू ऑफ सेंट जोसेफ हे अनवाणी कार्मेली संघाचे इटालियन संन्यासी. त्यांचे घरचे नाव पिएत्रो फोल्या. इटालियन भाषेत ‘फोल्या’ म्हणजे झाडाचे पान! जणू नावातच त्यांच्या आयुष्याचा छंद लिहिलेला होता. संघात येण्यापूर्वी ते वैद्यक शिकले होते. अरबस्तान, इराण व हिंदुस्थान या देशांत मिशनकार्यासाठी फिरत असताना जेथे नवे झाड दिसेल तेथे थांबून त्याचे रेखाचित्र काढून ठेवण्याची त्यांना सवय होती. त्यांनी पाठविलेल्या माहितीपैकी काही भाग बोलोन्या येथील वनस्पतितज्ज्ञ जाकोमो झानोनी यांनी १६७५ साली आपल्या ग्रंथात प्रसिद्धही केला.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. डच हे प्रॉटेस्टंट. कोची हाती येताच त्यांनी कॅथलिक धर्मगुरूंना तेथून घालवून दिले होते. असे असताना त्याच डचांचा सेनाधिकारी आणि एक कार्मेली संन्यासी हे दोघे फुलापानांच्या चित्रांवर डोके एकत्र घालून बसू लागले. या स्नेहाचा लाभ धर्मकार्यासही झाला. कोचीजवळ चातियत येथे फादर मॅथ्यू यांनी १६७३ साली कार्मेल मातेचे मंदिर उभारले.

चित्र चुकले, तर झाड चुकते

फादर मॅथ्यू यांच्या चित्रांपासून काम सुरू झाले खरे. परंतु लवकरच एक अडचण दिसून आली. ती चित्रे प्रवासात, घाईघाईने काढलेली होती. झाडाचा एकंदर डौल त्यांत उतरला होता, पण पाकळ्या किती, केसर किती, पान देठाला कसे चिकटले आहे, बी कसे बसले आहे, हे बारकावे पुरेसे नव्हते. जाणकारांनी ही उणीव दाखवून दिली. तेव्हा व्हान रेडेने सारी आखणी बदलली. नवीन चित्रकार बसविण्यात आले, माणसे रानात पाठविण्यात आली, आणि ताजी फांदी आणून ती कोमेजण्यापूर्वी चित्रकारांच्या पुढ्यात ठेवण्याची शिस्त लागली. फांदीवर फूल नसेल, तर पुन्हा ऋतू येईपर्यंत थांबायचे. फळ हवे असेल, तर तेवढ्यासाठी पुन्हा त्याच झाडाकडे माणूस धाडायचा. पहिल्या चित्रांचा उपयोग संपला, तरी फादर मॅथ्यू यांनी घालून दिलेल्या आरंभाचा व्हान रेडेला विसर पडला नाही. ग्रंथात त्याने त्यांचे नाव कृतज्ञतेने नोंदविले आहे.

चित्रांइतकेच महत्त्व होते नावांना व गुणांना. ती माहिती कोणत्याही युरोपियनाकडे नव्हती. ती सांगितली ईळवा समाजातील इट्टी अच्युतन या वैद्याने. त्याच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या वैद्यकी चालत आलेली होती. तो मल्याळी भाषेत सांगे, त्याचे भाषांतर पोर्तुगीजमध्ये होई, आणि तेथून पुढे ते लॅटिनमध्ये जाई. त्याच्या जोडीला रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तीन कोकणी ब्राह्मण वैद्य होते. या चौघांची लेखी ग्वाही पहिल्या खंडात छापलेली आहे. ब्राह्मण वैद्यांची ग्वाही १६७५ सालची असून ती कोकणी भाषेत आणि देवनागरी लिपीत आहे.

ही बाब मराठी वाचकांनी विशेष ध्यानात ठेवावी. या ग्रंथात वनस्पतींची नावे लॅटिन, मल्याळी व अरबी अक्षरांबरोबरच देवनागरी अक्षरांतही दिलेली आहेत. कागदावर काढलेली चित्रे जहाजाने हॉलंडला गेली. तेथे ॲमस्टरडॅममध्ये कारागिरांनी ती तांब्याच्या पत्र्यावर उलटी कोरली, कोरलेल्या रेषांत शाई भरली आणि ओलसर कागद वर ठेवून दाबयंत्राखाली छाप घेतला. झाडाच्या चित्रासोबत त्याचे नावही असेच कोरले गेले. देवनागरीचा ‘क’ काय नि ‘म’ काय, हे ज्याला ठाऊक नाही, अशा डच कारागिराने वेलीच्या तणाव्यासारखीच ती अक्षरेही जशी दिसली तशी कोरून काढली. युरोपात छापल्या गेलेल्या देवनागरी अक्षरांच्या अगदी आरंभीच्या नमुन्यांत त्यांची गणना होते.

या ग्रंथाचे नाव ‘होर्तुस मलाबारिकुस’, म्हणजे ‘मलबारचा बगीचा’. १६७८ ते १६९३ या काळात त्याचे बारा खंड निघाले. त्यांत ७४० हून अधिक वनस्पतींचे वर्णन व सुमारे ७९० चित्रे आहेत. बहुतेक चित्रे दोन पानांवर पसरलेली आहेत. आरंभ कशाने केला आहे? किनाऱ्यावरच्या माणसाला सांगायला नको: नारळाने!

चाळता चाळता आपलीच फुले भेटू लागतात. पळस आहे, रुई आहे, कमळ आहे, केवडा आहे. पावसाळ्यात कुंपणावर चढणारी आणि अग्नीच्या ज्वाळांसारख्या पाकळ्या मागे उलटवणारी कळलावी आहे. वाळूत पसरणारी मर्यादवेल आहे. म्हणजे मलबारचा म्हणून जो बगीचा छापला गेला, तो बराचसा कोकणचाही आहे आणि सुरतेचाही. किनारा एकच, राज्यांच्या सीमा माणसांनी घातलेल्या.

पुढे स्वीडनचा थोर शास्त्रज्ञ लिनियस याने १७५३ साली जगातील वनस्पतींना शास्त्रीय नावे दिली, तेव्हा हिंदुस्थानातील कित्येक झाडे त्याने स्वतः कधी पाहिलेली नव्हती. या ग्रंथातील चित्रांवर विसंबून त्याने त्यांना नावे दिली. चित्रकाराने पाकळ्या मोजण्यात आळस केला असता, तर साऱ्या जगाच्या शास्त्रात ती चूक रुजली असती.

स्वतः व्हान रेडेला मात्र बाराही खंड छापून झालेले पाहता आले नाहीत. कंपनीच्या कारभारातील लाचलुचपत शोधून काढण्यासाठी त्याला तपासनीस नेमण्यात आले होते. मलबारहून सुरतेला जात असताना १५ डिसेंबर १६९१ रोजी, मुंबईनजीकच्या समुद्रात, जहाजावरच त्याचा अंत झाला. देह सुरतेला नेण्यात आला व तेथे मोठ्या इतमामाने पुरण्यात आला. शेवटचे खंड त्यानंतर बाहेर पडले. आणि मूळ लॅटिन ग्रंथ सामान्य भारतीय वाचकास खुला होण्यास त्यानंतर तीनशे वर्षे लागली. कालिकतचे वनस्पतिशास्त्रज्ञ प्रा. के. एस. मणिलाल यांनी आयुष्यातील अनेक दशके या कामी वेचली. त्यांचे इंग्रजी भाषांतर २००३ मध्ये व मल्याळी भाषांतर २००८ मध्ये केरळ विद्यापीठाने प्रसिद्ध केले. २०२५ च्या पहिल्याच दिवशी प्रा. मणिलाल निवर्तले.

नर्मदाकाठचा चित्रकार

व्हान रेडेनंतर सुमारे ऐंशी वर्षांनी याच सुरत-भडोच पट्ट्यात दुसरा एक निसर्गवेडा वावरत होता. त्याचे नाव जेम्स फोर्ब्स. १७४९ साली लंडनमध्ये जन्मलेला हा मुलगा सोळाव्या वर्षी ईस्ट इंडिया कंपनीचा कारकून म्हणून मुंबईस यायला निघाला. व्हान रेडेने चित्रकार नेमले; फोर्ब्सने स्वतःच कुंचला हाती घेतला.

मराठ्यांच्या इतिहासातील एका दुःखद प्रकरणाशीही त्याचा संबंध आला. पेशवेपदासाठी हपापलेल्या राघोबादादांनी ६ मार्च १७७५ रोजी इंग्रजांशी जो तह केला, तो सुरतेचा तह. त्या तहानुसार राघोबांच्या मदतीस गेलेल्या कर्नल कीटिंगच्या फौजेत फोर्ब्स चिटणीस होता. अडासची लढाई त्याने जवळून पाहिली. पुढे तो भडोच येथे जकातीच्या कामावर आणि नंतर डभईस जिल्ह्याचा अधिकारी म्हणून राहिला. सालबाईच्या तहानंतर डभई मराठ्यांकडे परत गेली आणि १७८४ साली फोर्ब्स विलायतेस परतला.

या साऱ्या धामधुमीत त्याची रंगपेटी कधी बंद झाली नाही. पक्षी, कीटक, फुले, फळे, देवळे, खाड्या, समुद्रकिनारे, जे दिसेल ते तो काढी आणि त्याखाली टिपण लिही. नर्मदेच्या बेटावरील प्रसिद्ध कबीरवडाचे त्याने काढलेले चित्र युरोपात गाजले. त्या वडाच्या मोठ्या पारंब्या साडेतीनशे व लहान तीन हजारांहून अधिक असून त्याच्या सावलीत सात हजार माणसे सामावतील, असे त्याने लिहून ठेवले आहे. पुरांनी त्या वडाचा बराच भाग त्याच्याही आधी वाहून नेला होता आणि नंतरही नेला. फोर्ब्सची टिपणे व चित्रे मिळून दीडशे मोठे खंड, बावन्न हजार पाने झाली. त्यांतून निवडून त्याने १८१३ पासून ‘ओरिएंटल मेमॉयर्स’ हा सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला.

कॅथलिक कुटुंबांना या फोर्ब्सविषयी आणखी एक गोष्ट जाणून आनंद होईल. त्याची मुलगी फ्रान्समधील मॉंतालांबेर घराण्यात दिली होती. तिचा मुलगा शार्ल याचे बालपण इंग्लंडात या आजोबांपाशीच गेले. १८१९ साली आजोबा वारले तेव्हा नातू नऊ वर्षांचा होता. हाच नातू पुढे संत एलिझाबेथचे चरित्र आणि पश्चिमेकडील संन्याशांचा इतिहास लिहिणारा, फ्रान्समध्ये कॅथलिक शाळांच्या स्वातंत्र्यासाठी झगडणारा थोर लेखक काउंट द मॉंतालांबेर म्हणून प्रसिद्धीस आला. नर्मदेकाठच्या फुलापाखरांची चित्रे ज्या घरात होती, त्या घरात हे मूल वाढले.

ज्यांची नावे राहिली नाहीत

या दोन्ही उद्योगांचे कौतुक करताना एक रुखरुख मनास लागून राहते. उंच झाडावर चढून फांदी खाली आणणारे कोण होते? दलदलीत शिरून तिवराचे फूल शोधणारे कोण? त्या फुलाचे नाव चित्रकारास सांगणारी म्हातारी कोण? इट्टी अच्युतन व ते तीन कोकणी वैद्य यांची नावे कागदावर उतरली, हे त्यांचे व आपले भाग्य. बाकीच्यांची गेली. चित्र काढणारा एक असतो, पण ते खरे ठरावे म्हणून अनेकांचे डोळे लागतात.

आणि आज तीच गोष्ट आपल्या घरात घडत आहे. सुरतेजवळ हजिऱ्याच्या किनाऱ्यावर मोठमोठे कारखाने व बंदर उभे राहिले आहे. आपल्याही खाड्यांतील तिवरे भरावाखाली जात आहेत. झाडे जातात ती दिसतात; त्यांच्याआधी नावे जातात, ती दिसत नाहीत. आजी ज्या वेलीला नावाने हाक मारी, तिला नात ‘जंगली झाड’ म्हणते. ज्याचे नाव माहीत नाही ते तुटले तर हळहळ कोणाला वाटणार?

घरोघरी एक वही

यावर उपाय खर्चाचा नाही. एक कोऱ्या पानांची वही, पेन्सिल आणि मुलांची साधी रंगपेटी एवढे पुरे. कोचीच्या चित्रकारांनी पाळलेला नियम आपणही पाळावा: आधी पाहावे, मग मोजावे आणि शेवटी काढावे.

किनाऱ्यावर जायचे तर सकाळी जावे. मर्यादवेलीचे जांभळट गुलाबी फूल सकाळी उमलते आणि दुपारी मिटून जाते. भरतीच्या रेषेपाशी ती वाढते, म्हणून तिचे नाव मर्यादवेल. तिचे पान टोकाशी दुभंगलेले, शेळीच्या खुरासारखे असते. ते तसेच काढावे, पिंपळपानासारखे नको. भेंडाच्या झाडाखाली गेलात, तर सकाळचे पिवळे फूल व कोमेजताना तांबूस झालेले फूल एकाच पानावर काढा. कळलावीचेही तसेच, तिच्या पाकळ्या आधी हिरवट, मग पिवळ्या, शेवटी लाल होतात. तीन दिवस तीन चित्रे काढली, तर फुलाचे चरित्रच हाती येईल. मात्र कळलावी फार विषारी आहे. लहान मुलांनी तिचे चित्र काढावे, तिला तोंड लावू नये.

किनाऱ्याचे दृश्य काढणाऱ्याने पाण्याची रेषा आधी आखून घ्यावी, कारण समुद्र कोणासाठी थांबत नाही. सुरतेजवळच्या डुमसच्या काळसर वाळूवर बसणाऱ्याला हे चांगलेच कळते. खंबायतच्या आखातात भरती-ओहोटीचा फरक देशात सर्वांत मोठा. भावनगरच्या बाजूस तो दहा मीटरच्याही वर जातो. चित्राला आरंभ करताना जेथे लाटा होत्या, तेथे चित्र संपेपर्यंत नुसता चिखल उरतो.

प्रत्येक चित्राखाली चार गोष्टी लिहाव्यात: तारीख, जागा, घरातील वडीलधाऱ्यांनी सांगितलेले नाव, आणि ते नाव सांगणाऱ्या व्यक्तीचेही नाव. ही चौथी गोष्ट विसरू नये. चित्र सुबक आले नाही म्हणून पान फाडू नये. फादर मॅथ्यू यांची पहिली चित्रे अपुरी ठरली, पण ती नसती तर पुढची चांगली चित्रे झालीच नसती.

सुरतेच्या त्या घुमटाखाली निजलेल्या माणसाने गावोगावच्या जाणत्यांना विचारले, आणि त्यांनी जे सांगितले ते कोमेजण्याआधी कागदावर उतरवून घेतले. आपल्या घरातील जाणती माणसे अजून ओसरीवर बसलेली आहेत. येत्या पावसाळ्यात, पहिली रानफुले उमलतील तेव्हा, नातवंडांनी वही घेऊन त्यांच्यापाशी बसावे आणि विचारावे, “आजी, याला काय म्हणतात?”